झाकणाची आतली बाजू

"सेन्सेई, बगळा इकडे आहे. तुम्ही मघापासून खांबाकडे काय बघताय?" तोकुजीने विचारलं.

"खांबही जुनाच आहे," तोगावा म्हणाले.

"असेल. पण त्याच्यावर तुम्ही अजून पुस्तक लिहिलेलं नाही."

तोकुजीचा जन्म मासेमारीत गेला होता आणि त्याच्या जिभेला हाड नव्हतं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. गाव ज्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणे ते तोगावा हसले आणि खांबाकडेच बघत राहिले. इलाज नव्हता. गेल्या हिवाळ्यापासून त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध राखाडी डाग येऊन बसला होता. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होई, कडेचं तेवढं दिसे. चित्रातला बगळा बघायचा तर नजर खांबावर ठेवावी लागे. पुढच्या वर्षी एवढंही दिसेल असं डॉक्टर छातीठोकपणे सांगायला तयार नव्हते. ही गोष्ट तोगावांनी कोणाला सांगितली नव्हती. पण पोटात दडवून ठेवलेली ती एकच गोष्ट होती असंही नाही.

चित्रांना वारा दाखवायचा दिवस होता. बिवा तळ्याच्या उत्तरेला असलेल्या या गावचं देऊळ आपली लाकडी पेटी वर्षातून एकदाच उघडे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, हवा कोरडी असली तर. सकाळी चित्र भिंतीवर टांगायचं आणि चारच्या आत गुंडाळून परत पेटीत ठेवायचं. तोगावा या दिवसासाठी बेचाळीस वर्षं येत होते. एका वर्षी बायको गेली म्हणून खाडा पडला. म्हणजे ज्या चित्राने त्यांचं आयुष्य घडवलं, ते त्यांनी सगळं मिळून एक्केचाळीस दिवस पाहिलं होतं, आजचा धरून बेचाळीस.

पहिल्यांदा आले तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते, आणि चित्रापुढे बसून ढसाढसा रडले होते. तळ्यात बांबू रोवून केलेलं माशांचं कुंपण, धुकं, आणि कुंपणाच्या एका बांबूवर पाय आखडून उभा असलेला बगळा. खाली सही नाही, शिक्का नाही. दोनशे वर्षांपूर्वी क्योतोचे थोर चित्रकार उराबे तान्साई या देवळात एक हिवाळा राहिले होते, तशी नोंद त्यांच्या रोजनिशीत होती. शाई त्यांच्यासारखी, कुंचल्याचा झटका त्यांच्यासारखा. तरुण तोगावांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, हे तान्साईंचंच. देवळाने मानाने पेटीचं झाकण पुढे केलं आणि त्यांनी आतल्या बाजूला रिवाजाप्रमाणे लिहिलं, 'तान्साई यांच्या हातचं अस्सल चित्र', आणि खाली आपलं नाव.

त्या एका ओळीवर पुढचं सगळं उभं राहिलं. पहिला निबंध, विद्यापीठातली जागा, तान्साईंवरचं जाडजूड पुस्तक. पॅरिसला, बोस्टनला भिंतीएवढा बगळा दाखवून त्यांनी परक्या लोकांना दोन-दोन तास खुर्चीत खिळवून ठेवलं. इथे बसथांब्यावर पाटी लागली, 'तान्साईंचा बगळा, चालत पाच मिनिटं'. वर्षातून एकदाच दिसणाऱ्या बगळ्यासाठी बारा महिने पाटी, पण गावाला तिचा अभिमान होता. निदान तोगावांची तशी समजूत होती.

अकरा वर्षांपूर्वी याच खोलीत हा तोकुजी सहज बोलून गेला होता, "सेन्सेई, तुमचे तान्साई होडी चालवायचे का हो? नाही, कुंपणाच्या गाठी आतल्या बाजूने दिसतायत. काठावरून त्या दिसत नाहीत. आत होडी घातली तरच दिसतात."

तोगावांच्या पायाखालची जमीन सरकली. तान्साईंना पाण्याची भयंकर धास्ती होती. पूल ओलांडतानासुद्धा ते डोळे मिटून घेत. हे जगाला सांगितलं कोणी? तोगावांनीच. त्यांच्या पुस्तकात त्यावर सबंध दोन पानं होती. कुंचला पारखणारा हा माणूस एकतीस वर्षं ते कुंपण बघत होता आणि एकदाही होडीत बसला नव्हता.

तेव्हापासून दरवर्षी ते ठरवून येत, की आज सांगायचंच. आणि दरवर्षी देवळाच्या उंबऱ्यावर फुसाएबाईंचं हसू पाहिलं की गप्प बसत. गावाकडे अभिमानाने दाखवण्यासारखी ही एकच वस्तू. ती आपणच दिली, आता आपणच कशी काढून घ्यायची? फुसाएबाईंचा नवरा रिओएन, देवळाचा पुजारी, त्यांचा जिवाभावाचा मित्र. सहा वर्षांपूर्वी तोही गेला आणि सांगणं आणखीच अवघड झालं. पण या वर्षी पिशवीत कुंचला आणि शाईची वडी घेऊनच ते बसमध्ये चढले होते. डोळे आहेत तोवर झाकणावर खरं लिहायला हवं, नाहीतर ते खोटं आपल्यामागे जगत राहील, या विचाराने त्यांची झोप उडाली होती.

दुपारपर्यंत दहा-बारा माणसं येऊन, वाकून गेली. मग फुसाएबाईंनी जेवणाचं ताट आणलं. भात, मिसोचं सार, मुळ्याचं लोणचं, आणि दर वर्षीप्रमाणे फुनाझुशी, म्हणजे भातात वर्षभर मुरवलेला, अंड्यांनी भरलेला मासा. त्याचा वास ताटाच्या आधी खोलीत पोचला.

तोगावांनी खाणं बाजूला सारलं, मांडी मोडून गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हात चटईवर टेकले.

"फुसाएसान, मला माफी मागायची आहे. हे चित्र तान्साईंचं नाही. मला हे अकरा वर्षं माहीत आहे आणि मी तोंड उघडलं नाही. कोणी काढलं ते मला ठाऊक नाही. मी तुमच्या देवळाला खोटं लिहून दिलं."

समोर बघितलं की फुसाएबाईंचा चेहराच राखाडी होई, त्यामुळे त्यांना राग आलाय की रडू, काही कळेना. तोकुजी मान खाजवत असल्याचा आवाज तेवढा आला.

"सेन्सेई, आधी डोकं वर करा बघू," शेवटी फुसाएबाई म्हणाल्या. "मोहेईचं नाव ऐकलंय तुम्ही?"

"कोण मोहेई?"

"आमच्या घराण्यातला," तोकुजी म्हणाला. "पणजोबांच्या पणजोबांचा भाऊ. मासे धरायचा. पाय मोडला तशी होडी सुटली, मग इथे भात शिजवायला राहिला. तुमचे तान्साई आले तेव्हा त्यांची शाई उगाळून द्यायचा आणि बघत बसायचा. ते गेल्यावर उरलेल्या शाईत यानं हे काढलं."

तोगावांना क्षणभर आपण नीट ऐकलं का तेच समजेना.

"तुम्हाला माहीत होतं?"

"गावात सगळ्यांनाच माहीत होतं," फुसाएबाई अगदी हळू म्हणाल्या. "तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मी नवी सून होते. तुम्ही चित्रापुढे रडत होतात. सासूबाई म्हणाल्या, एवढ्या लांबून आलेला शिकलेला माणूस, त्याला आत्ताच कसं सांगायचं की हे आमच्या आचाऱ्यानं काढलंय? पुढच्या वर्षी सांगू. तर पुढच्या वर्षी तुम्ही छापील निबंधच घेऊन आलात."

"त्याच्या पुढच्या वर्षी पॅरिसहून आलात," तोकुजी म्हणाला.

"हो. मग काही सांगायची सोयच राहिली नाही. ह्यांना फार लागायचं ते. म्हणूनच ह्यांनी तोकुजीला सांगितलं, की तू उघड बोलू नकोस, नुसतं सुचव."

"मी सुचवलं की! गाठींचं बोललो. तुम्ही हूं का चूं केलं नाहीत. मला वाटलं, माझं बोलणं गेलं पाण्यात."

तोगावांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. बेचाळीस वर्षं आपण या खोलीत ऐटीत बोलत होतो आणि ही माणसं माना डोलवत होती.

"गाव हसत असेल मला," ते कसेबसे म्हणाले.

"हसायचं काय त्यात?" तोकुजीचा आवाज एकदम चढला. "आमच्या मोहेईचा बगळा तुमच्यामुळे पॅरिस बघून आला. आमच्यातला कोणी अजून क्योतोच्या पुढे गेलेला नाही!"

तोगावांना रडू आलं. अठ्ठाविसाव्या वर्षी आलं होतं तसंच, आवरता न येणारं. फुसाएबाईंनी त्यांच्यापुढे पुसायला फडकं ठेवलं आणि सवयीने माशाची बशीही पुढे सरकवली. "थोडं खाऊन घ्या. तुमच्यासाठी अंड्यांचा राखून ठेवलाय."

"आता सगळं सांगायलाच बसलोय, तर हेही सांगतो," तोगावा डोळे पुसत म्हणाले. "हा मासा मला कधीच खाववला नाही. तुम्ही बांधून देता तो मी शेजाऱ्याला देतो."

"अगं बाई! बेचाळीस वर्षं?" फुसाएबाईंनी कपाळावर हात मारला. "आणि मी गाभोळीचा मासा घरात कोणाला हात लावू देत नाही, सेन्सेईंचा म्हणून!"

तिघंही पोट धरून हसले. हसता हसता फुसाएबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं ते काही लवकर थांबलं नाही. रिओएन हवा होता, असं तिघांच्याही मनात आलं.

मग तोगावांनी शाई उगाळली. तोकुजीने झाकण उलटं करून त्यांच्यापुढे ठेवलं. आधीचं लिहिलेलं खोडायचा रिवाज नाही, त्याच्या शेजारी लिहायचं असतं. तोगावा कुंचला घेऊन वाकले आणि तसेच थांबले. समोर झाकण नव्हतंच, नुसतं राखाडी होतं.

"फुसाएसान, कोरी जागा जिथे सुरू होते तिथे जरा बोट ठेवाल?"

फुसाएबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग खांबाकडे पाहिलं. त्यांना सगळं उमगलं, पण त्यांनी एक शब्द विचारला नाही. पुढे सरकून त्यांनी झाकणावर बोट टेकलं. कुंचल्याचं टोक आधी त्यांच्या नखाला लागलं, मग लाकडाला. तोगावा लिहीत खाली आले तसं बोटही खाली येत गेलं.

तोकुजीने एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचलं. "याच गावच्या मोहेई कोळ्याने काढलं. होडीत बसून पाहिलेलं." त्याने मान तिरकी केली. "ओळ जरा तिरकी गेलीये, सेन्सेई."

"जाऊ दे."

"आणि खाली तुमचं नाव?"

"शेजारच्या ओळीखाली आहे की. चूक कोणाची ते त्यावरून कळेल. तेवढं पुरे."

पेटीची नाडी दर वर्षी तेच बांधत आणि दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. या वर्षी त्यांनी ती तोकुजीपुढे धरली. "तुमच्या कुंपणाची गाठ बांध," ते म्हणाले.

साडेचारच्या बसला दोघंही सोबत आली. फुसाएबाईंच्या हातात नेहमीसारखी पुरचुंडी होती. देता देता त्या थबकल्या, "अगं बाई, हा तर मासाच." तोगावांनी हात पुढे केला. "द्या. शेजारी वाट बघत असेल."

ते खिडकीशी बसले. काचेतून ते खाली उभ्या असलेल्या दोघांकडे न बघता बसथांब्याच्या खांबाकडे टक लावून बघू लागले.

"बघा," तोकुजी म्हणाला, "निरोप घेतानासुद्धा खांबाकडेच बघतायत."

"बघू दे," फुसाएबाई म्हणाल्या. "आपण दिसतोय त्यांना." आणि नखाला शाई लागलेला हात त्यांनी वर केला.