खालच्या सुरातली गिटार

माझा आवाज पहिल्यापासून जाड. आष्टीच्या भजनात मी तोंड उघडलं की मागून कोणीतरी विचारायचंच, "बाई हाय का बुवा?" शेवटी गाणं सोडून मी टाळ धरले.

माझे यजमान रूपराव सुतार. नागपूरच्या एका वादकाची गिटार त्यांच्याकडे दुरुस्तीला आली होती. ती परत गेली, पण यांच्या डोक्यातून काही जाईना. त्यांनी शिवणीच्या लाकडाची तशीच एक घडवली, फक्त दांडी वीतभर लांब आणि तारा चांगल्या जाड. कुठेही बोट न दाबता नुसत्या छेडल्या, की सगळ्या तारा माझ्या खालच्या सा-पात घुमायच्या. पुढच्या सुरांसाठी तारांवरून लोखंडी कांडी सरकवायची.

"धुरपता, तुह्या गळ्याच्या मापानं केली हाय," ते म्हणाले. मला रडूच आलं. सहा महिने घरात गायले, आणि छप्पन सालच्या गणपतीत शाळेच्या पटांगणात गायचं ठरवलं.

त्या दिवशी मंडपामागे गेले, तर माझी गिटार बंडोपंतांच्या मांडीवर. हे उत्सवात पेटी वाजवणारे मास्तर. खुंट्या पिळत बसले होते. मी ओरडेपर्यंत कडाड आवाज झाला. जाड तारा तुटल्या नाहीत, पण त्या जिला बांधल्या होत्या ती घोडी लाकडाचा ढलपा घेऊन उखडली.

"बायकांचा सूर काळी चार," मास्तर म्हणाले. "ही फारच खाली होती. चढवत होतो."

"तुमाले हात लावाले कोनं सांगतलं?"

"रूपरावांनीच दिली. लोकांत जरा बाईसारखं वाटू द्या म्हणाले."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मास्तरांची अक्कल पेटीच्या पट्ट्यांएवढीच, त्यांना काय बोलायचं? पण यांनी तर माझा सा ऐकून ऐकून एकेक तार बसवली होती!

रूपराव खांबाशी उभे होते. "लोक हासतीन म्हून म्या..."

"घरात गोड लागे माहा आवाज, अन् चारचौघात लाज वाटली तुमाले?"



तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मास्तरांनी पेटीवर काळी चार धरली. मी मंचावर चढले, पेटीचा भाता हाताने दाबून बंद केला आणि रूपरावांकडे बघत माझा सा लावला. मागून कोणीतरी हसलं. हसू दे मेल्याला. रागाने माझा आवाज आणखीच भरला होता. साथीशिवाय अख्खा अभंग म्हटला आणि मगच खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी रूपराव सरस शिजवायला बसले. घोडी चिकटवायची होती.

"घोडी बसवजा," मी म्हटलं. "पन तारा मीच लावीन. खुंट्यायले तुमी हात लावाचा नाई."