खडकावरची सातवी हाक

मी एक जुना शब्द आहे, मित्रांनो. नाव अशिन्या. अर्थ एवढाच, की लवकर, झटपट, आत्ताच्या आत्ता. माझा जन्म लॅटिनच्या घरात झाला. कुणी म्हणतं गुरं हाकण्याच्या क्रियापदातून झाला, कुणी आणखी कशातून. पंडित अजून भांडताहेत आणि मला स्वतःला काही आठवत नाही.

एके काळी मिन्यो नदीच्या दोन्ही तीरांवर माझी ये-जा होती. दरबारी माणसं पत्रात मला बोलवत, बायका पाव भाजताना. पुढे दक्षिणेला, पोर्तुगालात, मी अझिन्या झालो आणि हळूहळू खेडवळ ठरलो. शब्दकोशाने 'आर्ष' असा शिक्का मारून मला कोपऱ्यात बसवलं. उत्तरेला, स्पेनमधल्या गालिसियातल्या कोळ्यांनी आणि गुराख्यांनी मात्र मला सोडलं नाही. शाळेत फक्त स्पॅनिश चालायची, त्यामुळे माझा उच्चार केला म्हणून त्यांच्या मुलांनी तिथे छड्या खाल्ल्या. त्या दिवसांचाही मला राग नाही. शिसारी आली ती पुढे, माझं कौतुक सुरू झालं तेव्हा.

आमच्या किनाऱ्यावर दोसिंदा आणि तिचा धाकटा भाऊ एलादिओ पेर्सेबे काढून विकत. जाड बोटासारखे दिसणारे हे जीव, लाटा फुटतात नेमके तिथेच खडकाला चिकटतात. एलादिओ कमरेला दोर बांधून खाली खरवडायला उतरायचा. दोसिंदा वर दोर धरून समुद्राकडे बघत बसायची. घरात मी दिवसातून वीसदा यायचो, पण खडकावरची रीत वेगळी होती. तिथे मोठी लाट येताना, फक्त तेव्हाच, मला हाक मारायची. ती ऐकली की खालच्याने वर बघायचंसुद्धा नाही, हातातलं टाकून चढायचं. या एका रीतीवर त्यांच्या तीन पिढ्या जगल्या होत्या.

एका सकाळी शहरातून एक साहेब कॅमेरा घेऊन आले. मरणाऱ्या शब्दांवर ते फिल्म काढत होते.

"बाई, खाली बघून जोरात 'अशिन्या' म्हणा."

"लाट कुठाय? खडकावर तो शब्द उगाच काढत नाहीत, साहेब."

"अहो, तुमचाच शब्द वाचवतोय मी!"

खालून एलादिओ हसला. "ओरड की ग ताई, भाव काय खातेस? सिनेमात जाशील!"

दोसिंदा ओरडली. एलादिओ सवयीने सरसर वर आला. साहेबांना ते पसंत पडलं नाही.

"तुम्ही चढू नका हो, काम चालू ठेवा. आणि बाई, चेहऱ्यावर भीती हवी."

"भीती काय बाजारात मिळते होय? उद्या आणते किलोभर."

"बरं, अजून एकदा."

एलादिओ परत खाली उतरला. असं करत सहा वेळा त्यांनी मला त्या खडकावर खोटं बोलायला लावलं. मला माझीच किळस आली.

सातव्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. दोसिंदा किंचाळली. एलादिओने वर बघून कॅमेऱ्याला हात केला. "पुरे ग आता, घसा बसेल तुझा!" एवढ्यात लाटेने त्याला उचलून खडकावर आपटलं. दोर होता म्हणून जीव वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

ती फिल्म आता एका संग्रहालयात दिवसभर चालते. तिच्यात सातवी हाक ठेवली आहे, कारण साहेबांना हवी तशी भीती त्याच वेळी उमटली होती. खाली पाटी आहे, 'जिवंत शब्द'. लोक टाळ्या वाजवतात आणि जाताना माझ्या नावाचे टी-शर्ट घेऊन जातात. थू असल्या कौतुकावर!

मित्रांनो, मला काचेत ठेवू नका. दूध उतू जात असेल, बस सुटत असेल, तर खुशाल हाक मारा, मी धावत येईन. पण माझ्यावर जिथे कुणाचा जीव टांगलेला आहे, तिथे हौसेखातर मला नाचवू नका.

त्या खडकावर आता एलादिओची बायको उतरते. दोसिंदा वर प्लास्टिकची शिट्टी तोंडात धरून बसते. माझं नाव ती आता घरातसुद्धा काढत नाही.