बिनखिशाची पलटण

दिल्लीतल्या द्वारकेत आमच्या सेक्टरच्या मार्केटखाली, तळघरात, एक शूटिंग क्लब आहे. हवेच्या दाबावर चालणारी पिस्तुलं, दहा मीटरवर टांगलेले कागद आणि कागदांकडे तोंड करून ओळीत उभी राहिलेली माणसं. मंत्रालयातून रिटायर झाल्यावर मी तिथे जायला लागले. "अलकनंदा, जन्मभर कारकुनांवर नेम धरलास, आता कागदाला तरी सोड," असं माझा नवरा श्यामकांत म्हणाला. आठवड्यात कंटाळून मी घरी बसेन अशी त्याची खात्री होती. मी वर्षभर टिकले.

पण जागा मोठी विचित्र. माझा स्वभाव चौकस. भोचक म्हणणारे म्हणोत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं नाव-गाव, सून-जावई मला कळल्याशिवाय घास उतरत नाही. आणि इथे वर्षभरात मला कळल्या त्या फक्त पाठी! एक रुंद पाठ, एक पोक काढलेली, एक लांब वेणीची. माणसं यायची, नेम धरायची, कानाला फोन लावून निघून जायची. त्यात आणखी एक ऐट होती. उजव्या हातात पिस्तूल आणि डावा हात पँटच्या खिशात. सगळ्यांचा! वेणीवाली बाईसुद्धा जीन्सच्या खिशात मूठ खुपसून उभी. मी सलवार-कुर्त्यात, डावा हात कमरेवर ठेवून नेम धरायची. मला ते खिशातले हात बघून राग यायचा. बागेत फिरायला आलेत जणू.

क्लब चालवतात संपतराव. साताऱ्याकडचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. सखुबाई, म्हणजे त्यांची बायको, गावी असते आणि रोज फोनवर "कधी येताय?" विचारते.

एका रविवारी संपतराव मला म्हणाले, "ताई, दिवाळी झाली की मी गावाकडं निघालो."

"आणि क्लब?"

"कसला क्लब? धर्मशाळा आहे ही. पलटणीत माणूस रुसला तरी पलटणीतच रुसायचा. इथं कुणी कुणावर रुसत पण नाही."

संपतराव गेले की तळघराला कुलूप, आणि मी घरी श्यामकांतबरोबर टीव्हीवरची भांडणं बघणार. मला ते नको होतं. मला हा क्लब हवा होता, त्यातल्या मुक्या पाठींसकट.

"दिवाळीपर्यंत थांबताय ना? मग बघाच," मी म्हटलं.

मी ठरवलं, सगळ्यांना एकसारखे कपडे करायचे. क्लबच्या नावाचा टी-शर्ट आणि खाली तसलीच लोअर, म्हणजे खेळाडूंची सैल पँट. गणवेश अंगावर चढला की माणूस आपोआप आपल्यातला होतो, हे मी सव्वीस जानेवारीच्या संचलनात दरवर्षी बघत आले आहे. दिवाळीआधी नोएडाच्या एका क्लबाशी मैत्रीचा सामना ठरला होता, त्या दिवशी सगळे निळ्या रंगात उभे करायचे. मेट्रो पकडून करोल बाग गाठलं. दुकानदार बिचारा चांगला होता.

"मॅडम, लोअर में पॉकेट?"

"बिल्कुल नहीं," मी ठणकावलं. "खिलाड़ी हैं, घूमने थोड़े ही आए हैं."

आपण फार हुशारी केली असं वाटून मी वाटेत छोले-भटूरेही खाल्ले.

सामन्याच्या सकाळी पिशव्या वाटल्या. सगळे कपडे बदलून आले. निळी ओळ अशी देखणी दिसत होती की माझी छाती फुगली. संपतरावांनी मात्र आपला संच घेतला नाही. "मी पाव्हणा. कशाला उगीच," म्हणाले आणि आपल्या जुन्या खाकी पँटीतच उभे राहिले.

मग ओळीने पिस्तुलं उचलली, आणि सगळ्यांचे डावे हात मांडीवरून खाली-वर घसरू लागले. खिसा शोधत.

"अरे यार!" रुंद पाठीचा यशराज ओरडला. गुरुग्रामला कॉम्प्युटरवर काम करतो, जन्म दिल्लीचा. "पॉकेट कुठे आहे?"

"कशाला हवाय?" मी विचारलं.

सगळे माझ्याकडे वळले. वर्षभरात पहिल्यांदा मला त्यांची तोंडं एकत्र दिसली, आणि ती काही प्रेमळ नव्हती.

संपतराव हळूच म्हणाले, "ताई, मोकळा हात लोंबता राहिला तर खांदा हलतो. म्हणून तो खिशात अडकवायचा. तुम्ही कमरेवर ठेवता म्हणून मी कधी बोललो नाही."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ऐट म्हणे! नोएडावाले तोंड दाबून हसत होते. आमच्यातल्या कुणी अंगठा इलॅस्टिकमध्ये खोचला, कुणी हात पाठीमागे नेला. पण मुठी मिटलेल्याच. मला तेवढ्या फजितीतही राहवेना.

"मुठीत काय आहे रे?"

यशराज लाजला. मूठ उघडली तर कॅरमचा स्ट्रायकर. "आजोबांचा. ते पहाडगंजच्या मराठी शाळेत सर होते. हा हातात असला ना, की धडधड कमी होते."

"अय्या!" वेणीवाली म्हणाली. तिचं नाव ममता हेही मला तेव्हाच कळलं. तिच्या तळव्यावर हळकुंड होतं, लग्नात हाताला बांधलेलं. नवरा सीमेवर, ती कॅन्टोन्मेंटमध्ये एकटी. पोक काढलेल्या सरदारजींच्या मुठीतून हिरवी वेलची निघाली. बायको रोज निघताना देते म्हणे, खायची नाही, नुसती धरायची.

"आणि तुमच्या?" ममताने मला विचारलं.

माझा हात कमरेवर होता. मुठीत काहीच नव्हतं. कधी काही धरावं असं सुचलंच नव्हतं, आणि ते सांगताना मला फार वाईट वाटलं. संपतरावांना विचारलं तर "काही नाही" म्हणून त्यांनी हात खिशात आणखी खोल घातला.

सामना आम्ही सपाटून हरलो. पण त्या संध्याकाळी सगळी पलटण लोअर घेऊन माझ्या घरी. चूक माझी, तर खिसे मी शिवणार! श्यामकांतने चहा केला, सुया ओवून दिल्या आणि प्रत्येकाला माझ्याबद्दल एकेक गाऱ्हाणं सांगितलं. यशराजचा टाका बघून ममता त्याच्यावर चिडली, तो रुसून बाल्कनीत जाऊन बसला. संपतरावांनी ते बघितलं आणि माझी लोअर ओढून घेतली. फौजी माणूस, टाके असे एकसारखे घातले की मीच बघत राहिले. शिवताना त्यांनी आपल्या खिशातून काढून शेजारी ठेवलेली वस्तू मी पाहिली. पितळेचं बटण.

"वर्दीचं?"

"पलटण सोडली त्या दिवशी कोटाचं काढून घेतलं. तेवढंच बरोबर आलं," ते म्हणाले. पुढे मी विचारलं नाही. माझ्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच.

दिवाळी झाली. त्यानंतरच्या रविवारी मी धाकधुकीतच जिने उतरले. तळघर उघडं होतं, आतून भांडणाचा आवाज येत होता. स्ट्रायकर थंड हातात धरावा की गरम, यावर. मी निळी लोअर घालून आपल्या जागी उभी राहिले आणि पहिल्यांदाच डावा हात खिशात घातला. बोटांना काहीतरी गार, गोल लागलं.

पितळेचं बटण.

मी वळले. मागे संपतराव उभे होते. अंगात निळा टी-शर्ट, खाली निळी लोअर. त्यांचा डावा हात रिकामा होता आणि मांडीवर खिसा शोधत घसरत होता.

"संपतराव," मी बटण मुठीत धरून म्हटलं, "संध्याकाळी लोअर घेऊन घरी या."

"येतो," ते म्हणाले. "सखूला पण आणतो. कालच आलीय."