चार बोटं रिकामी

बर्फाच्या कारखान्यात पाण्याचा डबा काठोकाठ भरायचा नाही, वर चार बोटं जागा सोडायची, हा मालकांचा नियम होता. का, ते मालकांनाही ठाऊक नव्हतं. एकदा काठोकाठ भरला, तर बर्फ होताना डबा उभा फाटला. तेवढ्या शहाणपणावर त्यांनी तीस वर्षं काढली होती.

त्यामुळे मुलीला मागणी घालायला रसायनशास्त्राचा मास्तर ऑफिसात येऊन बसला, तेव्हा मालकांनी ना पगार विचारला, ना घरदार.

"पाणी तेवढंच, डबा तोच. मग गोठल्यावर वाढतं कसं? पटवून दे, मग लग्नाचं बघू."

मास्तर चष्मा पुसत बसला. मुलीने टेबलाखालून लाथ मारली. "बोल की! एरवी तोंड मिटत नाही."

"सगळे उभे राहा," मास्तर म्हणाला. सगळे म्हणजे मालक, काका, मामा, आत्या आणि ते दोघं. "पाण्याच्या कणाला शेजारी धरायला चार हात असतात असं समजा. आपल्याला दोनच आहेत, भागवून घेऊ. आता पाणी व्हा. हात धरायचा, सोडायचा, दुसऱ्याचा धरायचा. थांबायचं नाही."

सहा जण कपाटापाशी घोळका करून एकमेकांत घुसू लागले.

"अरे मेल्या, माझा पाय!" आत्या किंचाळली.

"पाण्याला पाय नसतो," मामा म्हणाला.

"बघा, कसे दाटीवाटीने मावलो! आता गारठा वाढतोय... गोठलो! धरलेला हात सोडायचा नाही, कोपर वाकवायचं नाही."

घोळक्याचा गोल झाला आणि ताणला गेला. मधे एक म्हैस बसेल एवढी पोकळी झाली. आत्या दारातून अर्धी बाहेर गेली, काकांची पाठ काचेच्या पार्टिशनला भिडली आणि काच काडकन तडकली.

मालकांचा चेहरा उजळला. "अस्साच आवाज आला होता त्या डब्याचा!"

"मग लग्नाचं?"

"आधी वितळव आम्हाला."

"हात सुटायला उष्णता लागते—"

"माझं डोकं केव्हाच तापलंय!" दाराबाहेरून आत्या.

भराभर हात सुटले. मुलीचा आणि मास्तरचा तेवढा सुटला नाही. मालकांनी तिकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

"करा लग्न," ते म्हणाले. "फक्त हॉल मोठा घ्या. पाहुणे मोजकेच बोलावले तरी हातात हात घालायला लागले की मावायचे नाहीत."