न निघणारा डाग

आमच्या ह्यांच्यासमोर डाग टिकत नाही. चहा, शाई, गंज, तेल, काहीही आणा. आमची लाँड्री आहे, आणि कुणाच्या लग्नात जेवायला बसलो तरी यांची नजर आधी शेजाऱ्याच्या बाहीवर जाते. मी डोळे वटारून थकले.

यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी नणंद, नेमकी उलट. ती चित्रं काढते. चित्रं म्हणजे झाड, घर, माणूस असलं काही नाही. जाड सुती कापड जमिनीवर अंथरायचं, त्यावर पातळ रंग ओतायचे आणि ते कुठवर पसरतात ते बघत बसायचं. भाऊ जन्मभर डाग काढतो, बहीण जन्मभर पाडते, आणि दोघांच्या मध्ये मी.

आईवडील लवकर गेले, तिला यांनीच वाढवलं. त्यामुळे साऱ्या जगाने वाहवा केली तरी तिला दादाची हवी असते. पण तिच्या पहिल्या प्रदर्शनात हे एका चित्रासमोर उभे राहून मोठ्याने म्हणाले, हे काय आहे? मागे कुणीतरी फिसकन हसलं, आणि यांनी कानाला खडा लावला. तेव्हापासून ‘मला त्यातलं कळत नाही’ हे एकच पालुपद. यंदाही येणार नाही म्हणून सांगून टाकलं. नणंद यांच्यासमोर हसली आणि माझ्याजवळ येऊन रडली. मला यांचा असा राग आला की मी कामापुरतंच बोलायला लागले.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी नणंद सगळ्यात मोठं चित्र घडी करून दुकानात घेऊन आली. सुरकुत्या पडल्या होत्या, हलकी वाफ मारून हवी होती. दुकानात कुणी दिसलं नाही म्हणून गठ्ठा टेबलावर ठेवून ती वर माझ्याकडे आली. आम्ही चहा घेत बसलो, आणि खाली तो गठ्ठा यांच्या हाती लागला.

खाली उतरलो तर कापड मोठ्या टेबलावर पसरलेलं, डाग काढायच्या औषधाचा वास सुटलेला, आणि चित्राचा तळहाताएवढा एक कोपरा पांढराशुभ्र. मी ओरडणारच होते, पण नणंदेने माझा हात घट्ट दाबला. ह्यांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ब्रश बाजूला पडला होता. हे मान तिरकी करून बघत होते, जवळ जात होते, पुन्हा मागे येत होते.

मग आम्ही दिसलो.

“छोटे, बरं झालं आलीस,” हे म्हणाले. “कुणाचा तरी टेबलक्लॉथ आलाय, त्यावर काय काय सांडलंय. पण हे निळं बघ. पिवळ्यापर्यंत येतं आणि थबकतं. आत शिरत नाही. केव्हाचा बघतोय मी.”

“मग काढायचा ना डाग?” नणंदेने विचारलं.

ह्यांनी ब्रशकडे पाहिलं, मग कापडाकडे.

“निघायचा नाही हा. गिऱ्हाइकाला सांगू, असाच भिंतीवर लावा म्हणून.”

निघायचा नाही म्हणे! आधी एका कोपऱ्यावर औषध लावून बघायचं ही यांची रीत. कोपरा निघाला की बाकीचं म्हणजे हातचा मळ. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाशी कधी खोटं न बोललेला माणूस, आणि पहिलं खोटं बोलला तेही पुरावा समोर अंथरून. माझा सगळा राग तिथेच विरघळला.

नणंद हसतही होती आणि रडतही होती. त्यातच तिने सांगितलं, गिऱ्हाईक मीच आहे. यांनी कपाळावर हात मारून घेतला. कोपरा घालवला म्हणून इतके कावरेबावरे झाले की शेवटी तिनेच समजूत काढली.

“राहू दे, दादा. तेवढं चित्र तुझं.”

मग यांनी वर पातळ फडकं टाकून स्वतः वाफ मारली. माझ्या लग्नातल्या शालूलाही इतक्या मायेने कधी इस्त्री झाली नव्हती, हे मी बोलून दाखवलं. ऐकू आलं नाही.

संध्याकाळी हे सगळ्यांच्या आधी तयार. दालनात शिरले ते थेट त्या चित्राशेजारी जाऊन उभे राहिले आणि हलेचनात. थोड्या वेळाने एक चष्मेवाले गृहस्थ आले. बराच वेळ घुटमळले, इकडेतिकडे बघितलं, आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने यांना विचारलं, हे काय आहे हो?

नणंद मागेच उभी होती.

हे हसले नाहीत. सरकून त्यांना आपली जागा दिली.

“इथून बघा. निळं कुठे थांबतंय ते बघा,” ह्यांनी सांगितलं. मग पांढऱ्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. “मी पुसायला बसलो होतो हे. हातच धजेना.”