पोकळ फरशी

"उठता येत नाही म्हणजे काय, जावईबापू?" सासूबाईंनी पलंगावरून विचारलं.

"म्हणजे उठता येत नाही," गुण्या जमिनीवरून म्हणाला.

हातात छिन्नी, समोर उचकटलेली फरशी, बाजूला घमेल्यात कालवलेलं सिमेंट, आणि ऑपरेशनचा गुडघा मुडपलेला तो मुडपलेलाच.

"थांबा, मी येते."

"नको. तुमचेही गुडघे गेलेले. दोघं खाली बसलो तर क्रेन मागवावी लागेल."

सासूबाईंनी विचार केला आणि खाली सोडलेले पाय पुन्हा पलंगावर घेतले.

गुण्या हे गवंड्याचं काटकोन तपासायचं हत्यार. फरशीवाल्याला हे नाव उगाच पडत नाही. केसाइतका कोपरा वर आला तरी तो अख्खी रांग उखडायचा. त्याने फरशी बसवलेल्या एका दिवाणखान्यात कुणीतरी गोटी ठेवली. घराचे मालक बदलले, गोटी हलली नाही. खोटं वाटत असेल तर गोटीला विचारा.

ही सगळी सपाटी त्याने गुडघ्यांवर तोलली. चाळिशीच्या आतच पाय धनुष्यासारखे बाहेर वाकले. तो जिना चढू लागला की उजवा गुडघा असा वाजायचा, की अक्रोड कोण फोडतंय ते बघायला वरच्या मजल्यावरचे लोक दारात यायचे. नवा गुडघा मागितला तर डॉक्टर म्हणाले, "वय लहान आहे तुमचं. हा झिजेल, मग दुसरा बसवा, मग तिसरा." त्याऐवजी त्यांनी नडगीचं हाड कापलं, फट उघडून पट्टी ठोकली, पाय सरळ केला, कंबरेच्या हाडातला मगज काढून त्यातल्या मूळपेशी गुडघ्यात सोडल्या. फट ठेवून लेव्हल काढायची, हे गुण्याला झटक्यात पटलं. पेशींचं फारसं कळलं नाही. लावल्यात तर रुजतील, एवढंच तो म्हणायचा.

मग घरात कोंडणं सुरू झालं. कुबडी टेकली की फरशी बोलायची. ठक, ठक, ठक, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी डब्. पोकळ. लोकांच्या फरशा बसवता बसवता स्वतःची फरशी त्याने घाईत उरकली होती. पाणी प्यायला जाताना डब्, परतताना डब्. आज बायको शिलाईच्या कारखान्यात गेल्यावर त्याला राहवलं नाही.

"परवा डॉक्टर खरं काय म्हणाले?" सासूबाईंनी विचारलं. "पोरीला सांगितलंत, पुढच्या महिन्यात कामावर."

गुण्याने छिन्नी खाली ठेवली. "हाड छान जुळलंय म्हणाले. हवं तेवढं चाला म्हणाले."

"आणि?"

"गुडघ्यावर बसायचं काम सोडा म्हणाले."

"कधीपर्यंत?"

"त्यात 'पर्यंत' नव्हतं."

सासूबाईंनी स्वतःचा गुडघा चोळला. "मला म्हातारीला नवा गुडघा घ्या, घ्या म्हणून मागे लागलेत. तुम्ही मागताय तर देत नाहीत. आमच्या वेळी तरुण असण्याचे एवढे हाल नव्हते."

"माझ्या नावावर करून घेता येतो का विचारतो."

"विचारा. पण माझं नशीब बरोबर येईल, पलंगासकट."

गुण्या हसला, आणि हसण्याने गुडघ्यात कळ आली.

जेवणाच्या सुट्टीत बायको दारात आली तेव्हा तो तसाच होता. तिने फरशी पाहिली, छिन्नी पाहिली, आईकडे पाहिलं.

"पडलात?"

"नाही. बसलो."

तिने त्याच्या काखेत हात घालून त्याला ओढत खुर्चीवर घेतलं.

"सांगा आता तिला," सासूबाई म्हणाल्या.

त्याने सांगितलं. दोन वाक्यांचंच होतं.

बायको घमेल्याकडे बघत उभी राहिली. "हे सुकेल ना?"

"सुकेल."

खांद्यावरची पिशवी तिने खुंटीला लावली आणि ती गुडघ्यांवर बसली. "सांगा कसं ते."

"पसर. मधे ढीग नको. आता ठेव. रबरी हातोडी घे. हळू. कडेने ये."

ती ठोकत गेली. मग मान वर करून तिने विचारलं, "बसली?"

डावा कोपरा नखभर वर होता. खुर्चीवरून, लेव्हल न लावता गुण्याला तो दिसला. सांगायला त्याने तोंडही उघडलं. बायको एक हात जमिनीला टेकून होती. उठायच्या आधी जराशी थांबली होती.

"बसली," तो म्हणाला.

त्या कोपऱ्यावरून जाताना पाय थोडा उचलून टाकायची सवय घरात आधी त्यालाच लागली.