सासऱ्यांचे वीस झुरके

सासरे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्यांचा फोटो कपाटावर मांडला. पुढे भाताची वाटी आणि चहाचा पेला ठेवला, शेजारी उदबत्तीचं भांडं. मग त्या भांड्याला टेकवून, सासऱ्यांच्या जुन्या बशीत, त्यांची ई-सिगारेट उभी केली आणि तिला चार्जरची तार लावली. लाल दिवा लागला.

"आई, हे काय चाललंय?"

"चार्ज करतेय. तिकडे कुठे सापडणारे त्याला प्लग?"

एरवी मी हसले असते, पण माझी नजर आधी चार्जरवर गेली. चार्जर माझ्या नवऱ्याच्या मोबाइलचा होता, तो झटपट भरणारा, दांडगा. भांड्यात तीन उदबत्त्या जळत होत्या. बाजूला मृतांसाठी जाळायच्या सोनेरी कागदाच्या पुड्यांची चळत होती, चळतीखाली रजई. कुणाला घर पेटवायचंच असतं तरी इतकी नेटकी मांडणी सुचली नसती.

दक्षिण चीनमधल्या आमच्या शाजिंगमध्ये दर दुसऱ्या इमारतीत ई-सिगारेटचं काही ना काही बनतं. कुठे नळ्या, कुठे खोकी, कुठे नुसती झाकणं. मी चौदा वर्षं त्यांच्या आतले सेल, म्हणजे बॅटऱ्या तपासते. भरलेले सेल ट्रेमध्ये मांडून आठवडाभर गरम खोलीत ठेवायचे, हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी मोजायचं, सातव्या दिवशी मोजायचं. कुणी न वापरता जो उतरला तो गळका, तो बाद. जो फुगला तो चिमट्याने उचलून वाळूच्या बादलीत टाकायचा. या कामात माझा हात कुणी धरू शकत नाही, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

सासऱ्यांची नळी, म्हणजे ती ई-सिगारेटही आमच्याच कारखान्यातली. रंगावर ओरखडा होता म्हणून वेगळी काढलेली, ती मी घरी आणली. चाळीस वर्षं सिगारेट ओढून ओढून त्यांनी फुप्फुसांचं मातेरं केलं होतं, आणि आमच्या एवढ्याशा दीड खोलीत धूर जायला वाट नव्हती. सासूबाईंनी नियम घालून दिला होता, संध्याकाळी वीस झुरके. नळीला बोटाच्या नखाएवढी काच आहे, तिच्यात झुरक्यांचा आकडा दिसतो. बाई बसच्या कंडक्टरसारख्या रोज आकडा तपासायच्या. सासरे खिडकीत बसायचे, तीन मोजेपर्यंत ओढायचे, मग खोकायचे, मग नळी बशीच्या काठावर दोनदा आपटायचे. राख नसतेच, पण सवय. टक, टक. मग पुढचा झुरका.

"आई, ही रात्रंदिवस लावून ठेवायची नसते," मी म्हटलं. "एवढ्याशा सेलला एवढा मोठा चार्जर चालत नाही. खाली रजई, कागद काही नको. आणि तुम्ही घरात एकट्या असता."

"एकोणपन्नास दिवस," सासूबाई म्हणाल्या. "तोवर तो इथेच आहे. पन्नासाव्याला मी कुठे चार्ज करायला जाणार आहे? मग त्याच्या कपड्यांबरोबर जाळून टाकू."

"जाळून?"

"मग काय नागडा पाठवू त्याला? चपला जातील, चादर जाईल, हीही जाईल."

त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही हूनानच्या डोंगरातलं. गेलेल्या माणसाचं सामान त्याच्यामागून जाळून पोचवायचं, हे त्यांच्यासाठी भात शिजवण्याइतकं साधं. मी नवऱ्याला फोन केला. तो ट्रक घेऊन उत्तरेला गेला होता. "तू बॅटरीवाली, तू समजाव," एवढं म्हणून त्याने फोन ठेवला. मुलगा कुणाचा, आणि समजवायचं कुणी!

मी समजावलं. ओरडले. चार्जर लपवला, त्यांनी शेजारणीचा आणला. मग मी रजई आणि कागद हलवले, नळीखाली फरशीचा तुकडा ठेवला, आणि रोज कामावर जाताना त्यांच्याकडून शपथ घेऊ लागले की घराबाहेर पडताना तार काढतील. शपथ त्या लगेच घ्यायच्या. मी परत यायचे तेव्हा लाल दिवा चालूच असायचा.

तिसाव्या दिवशी मला नळीचा सांधा उकललेला दिसला, केसाएवढा. बोट लावलं तर कोमट. मी तार काढली, नळी पत्र्याच्या डब्यात घातली आणि "साफ करून आणते" म्हणून कारखान्यात नेली. आमच्या पेंग उस्तादांनी ती डब्यातून काढलीसुद्धा नाही, नुसती वाकून पाहिली.

"कुणाची गं ही?"

"सासऱ्यांची."

"ते गेले ना?"

"गेले. सासूबाई चार्ज करतात."

उस्तादांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला खरंच लाज वाटली. मी चष्मा लावून, हातमोजे घालून नळी उघडली. आतला सेल उशीसारखा फुगला होता आणि गोडसर वास मारत होता. तो वाळूत गेला. वर मी माझ्या हाताने चिठ्ठी लावली, तारीख आणि माझं नाव, युएलान. मग सेलच्या मापाचा लाकडाचा तुकडा कापला, चिकटपट्टी गुंडाळून नळीत बसवला, टोपण दाबून बंद केलं. हातात घेतली तर वजन जवळपास तेवढंच. तार लावली की चार्जरच्या विजेवर लाल दिवा लागणार. तार काढली की ती मेलेली. सासूबाईंनी खुशाल लाकूड चार्ज करावं, खुशाल जाळावं. वासापलीकडे काही होणार नव्हतं. मी आपल्यावरच खूश होऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी भाजी निवडत बसले होते. सासूबाईंनी नळीची तार काढून गुंडाळून ठेवली, फोटोला नमस्कार केला आणि स्वयंपाकाच्या कोपऱ्यात जाऊन, माझ्याकडे पाठ करून, मिरच्या चिरायला घेतल्या. सुरी जरा जास्तच जोरात चालत होती.

कपाटावर पांढरा दिवा लागला.

झुरका घेतला की लागतो तो पांढरा दिवा. एक, दोन, तीन. विझला. मी हातातली जुडी खाली ठेवली. खोकण्याला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गेला. मग बशीच्या काठावर आवाज झाला. टक, टक. आणि पुन्हा दिवा.

मी वीसपर्यंत मोजलं. मला उठता आलं नाही. विसावा विझला तसा सुरीचा आवाजही थांबला आणि सासूबाई म्हणाल्या, "भात लावतेस का?" मी भात लावला. पाणी दुप्पट पडलं.

सकाळी मी गेल्या गेल्या वाळूची बादली उपसली. सेल तिथेच होता, माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठीसकट. मी कारणं शोधली, कामच आहे ते. तारेतून थोडी वीज आत उरत असेल. पण ती लुकलुकण्यापुरती असेल, वीस वेळा नाही. उस्तादांना विचारावंसं वाटलं, पण काय विचारणार? लाकूड किती दिवस चार्ज धरतं?

त्या संध्याकाळी पुन्हा वीस. तिसऱ्या संध्याकाळीही वीस. काचेतला आकडा रोज बरोबर विसाने पुढे जात होता. तंबाखूच्या अर्काचा तो वास, जो सासऱ्यांच्या बनियनला यायचा, साडेपाच ते सहा खोलीत असायचा आणि मग जायचा. मी कामावरून उशिरा यायला लागले. मग सासूबाईंना एकटं सोडल्याचं मनाला खायला लागलं, म्हणून पुन्हा वेळेवर यायला लागले. त्या मात्र रोज त्या वेळी पाठ करून काहीतरी चिरत असायच्या. बाईला काही दिसत नाही, ऐकू येत नाही, हे किती बरं, असं मला वाटायचं. म्हाताऱ्या माणसाला कशाला घाबरवा.

एकदा त्या बाजारात गेल्या असताना मी नळी हातात घेतली. टोपणाला नख लावलं. चौदा वर्षांत संशय आलेली एकही वस्तू मी न मोजता पुढे ढकललेली नाही. पण उघडलं आणि आत लाकूडच निघालं तर? आत दुसरं काही असतं तर मी निस्तरलं असतं. लाकडाचं मी काय करणार होते? मी नळी होती तशी बशीत ठेवली आणि हात साबणाने दोनदा धुतले.

त्यानंतर मी फोटोशी हळूच बोलायलाही लागले. "बाबा, तुमची आहे ती, तुम्हाला देणारच आहोत. आईंना सांभाळा." हे मी म्हणत होते, जिने दर सणाला सासूबाई पूर्वजांसाठी जाळायच्या त्या कागदी मोबाइलची टिंगल केली होती.

एकोणपन्नासाव्या दिवशी सकाळी आम्ही गल्लीच्या तोंडाशी असलेल्या लोखंडी पिंपात जाळ केला. नवरा रात्रीच परतला होता. आधी कागदी पैसे, मग कपडे, मग चपला. सासूबाई लांब काठीने जाळ सारखा करत होत्या आणि सासऱ्यांना शिव्या देत होत्या.

"चादर घे रे म्हाताऱ्या. आणि तिकडे कुणाची अंगावर ओढू नकोस."

शेवटी त्यांनी खिशातून नळी काढली. मी नेमकी एका हाताच्या अंतरावर होते. त्यांना अडवायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि खरं सांगायचं तर मला ती नळी घरातून गेलेली हवी होती. आत लाकूड आहे, जळू दे. मी उलट म्हटलं, "टाका आई, टाका." त्या पिंपावर वाकल्या, अगदी जवळ, कारण त्यांना ती फेकायची नव्हती, नीट ठेवायची होती. "वीसच हं," असं काहीतरी त्या पुटपुटल्या.

त्या तिथेच वाकून बघत राहिल्या. मी "धूर लागतोय, मागे या" म्हणाले, तेवढ्यात पिंपात फटाक्यासारखा आवाज झाला आणि पांढरी ज्वाळा सरळ वर आली.

सासूबाईंचा उजवा डोळा गेला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. डॉक्टर म्हणाले की वयाच्या मानाने बाई खंबीर आहेत. नवरा माझ्याशी बोलत नव्हता, आणि त्याचं चूक होतं असं मला म्हणता येत नाही.

शुद्धीवर आल्यावर सासूबाई पट्ट्यांमधून पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "नवीन बॅटरी घातली होती. आदल्याच दिवशी. ख्वांगकडून."

ख्वांग आमच्या इमारतीखाली मोबाइल दुरुस्त करतो. मी तशीच त्याच्या गाळ्यावर गेले आणि त्याची गचांडी धरली.

"म्हाताऱ्या बाईला भरलेला सेल देतोस? कसला सेल? कुठला?"

"ताई, सोडा आधी! त्या जाळणारेत हे मला काय ठाऊक? म्हणाल्या, माणूस लांब चाललाय, इतके दिवस ओढून बॅटरी संपत आली असेल, नवी घाल. घातली. पूर्ण भरूनही दिली." त्याने कॉलर नीट केली आणि आवाज उतरवला. "उलट मीच तुम्हाला विचारणार होतो. आत सेल नव्हताच, लाकूड होतं. मी म्हटलं, आजी, ही बंद पडून किती दिवस झाले? तर म्हणतात, बंद कुठंय, काल संध्याकाळीच चालली. मला वाटलं, वयामुळे बोलतात."

मी त्याच्या स्टुलावर बसले.

दवाखान्यात परत गेले तेव्हा उन्हं कलली होती. सासूबाई जाग्या होत्या. मी त्यांचा चांगला हात धरला.

"आई, ती रोज चालायची हे तुम्हाला माहीत होतं?"

त्यांचा एक डोळा माझ्याकडे वळला. "म्हणून तर पाठ करून बसायचे," त्या म्हणाल्या. "बघायची हिंमत नव्हती. पहिल्या दिवशी बघितलं, पुरे झालं. टक, टक. अगं, पण तुला कसं ठाऊक?"

"मीही बघायचे. रोज."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही घाबराल म्हणून."

"मी पण तेवढ्याचसाठी गप्प होते," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं, सून रोज कामाला जाते, तिला कशाला. आणि एकटीलाच दिसतंय म्हणजे माझं डोकं फिरलंय, असं वाटायचं."

अठरा संध्याकाळी आम्ही दोघी त्या एका खोलीत बसलो होतो, चार पावलांवर. मी एकदा जरी म्हटलं असतं, आई, दिवा लागला बघा, तर पुढचं वाक्य आपोआप आलं असतं की आत तर लाकूड आहे. मग कुणी ख्वांगकडे गेलं नसतं. मी त्यांच्या त्या चांगल्या हातावर डोकं ठेवून रडले, मोठ्याने, शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली तरी.

सासूबाईंनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "युएलान, त्याला मिळाली असेल ना गं?"

"मिळाली, आई," मी म्हटलं.